आधी बाहेर जाऊन बग

शौकतचाचा आमच्या घरी आले की आधी आमच्याकडे बघायचेच नाहीत. चपला दाराबाहेर, दोन पावलं आत आणि उजवा हात वर! तळहात एसीच्या जाळीसमोर धरून, डोळे मिटून, तीन-चार सेकंद गप्प उभे. डॉक्टर नाडी बघतात ना, अगदी तसे. मग डोळे उघडून म्हणायचे, "हां, चाललाय श्वास. काय जुईबाय, चहा टाकलास काय?"

हिवाळ्यात बहरीनमध्ये एसी बंदच असतात. तरी हात वर जायचाच. आई हसायची, "अहो चाचा, बंद आहे तो!"

"मग झोपलाय. झोपलेल्याची पण चौकशी करायची असते, वैनी."

आम्ही माहूजला राहतो, चार मजली बिल्डिंगमध्ये, माझा जन्मही इथलाच. बाबा पुण्याचे, बँकेत आहेत. समोरच्या दारात चाचा आणि रझियाचाची, मूळचे रत्नागिरीकडचे. चाचांनी अख्खं आयुष्य एसी दुरुस्त करण्यात घालवलं. हूरातली हॉटेलं, सित्रातल्या वर्कशॉपची ऑफिसं, आमची सगळी बिल्डिंग. आणि त्यांची एक पद्धत होती, जिच्यावरून इतर मेकॅनिक त्यांची टर उडवायचे. एसी बंद पडला की बाकीचे लोक लगेच स्क्रू-ड्रायव्हर काढून मशीन उघडतात. चाचा मशीनला हातच लावायचे नाहीत. ते सरळ गच्चीवर, जिथे एसीचा बाहेरचा डबा असतो तिथे. खिशात रंगाऱ्याचा एक जुना मऊ ब्रश. त्या ब्रशने डब्याच्या जाळीतली धूळ हळूहळू झाडायची, आणि दहातले सात एसी तेवढ्यावरच सुरू!

"मशीन मरत नाय गो," ते मला सांगायचे, "त्याचा श्वास कोंडतो. म्हणून आधी बाहेर जाऊन बग. आत काय, आत सगळेच बगतात."

आता रझियाचाची. यांच्याबद्दल आत्ताच सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही! चाचींचं धुळीशी वैर. धुळीचं वादळ येणार अशी बातमी आली की चाचींच्या अंगात येतं. जुने कपडे फाडून त्याचे बोळे करायचे, घरातल्या प्रत्येक फटीत कोंबायचे, वर ती रुंद तपकिरी चिकटपट्टी मारायची. खिडक्या, दाराची खालची फट, बाथरूमचा पंखा. एकदा तर एसीची जाळीच बांधून टाकली होती. चाचा घरी येऊन बघतात तर काय! "रझिया, तू त्याचा नाक बांधलंस! तुझा कोणी बांधला तर चालेल?"

"तुमचा तोंड बांधते आधी," चाची म्हणाल्या.

तर गेल्या हिवाळ्यात यांची मुलगी सना बाळंत होणार होती. सनाताई आणि तिचा नवरा इम्रानभाई कॅनडात, सास्काटूनला राहतात. चाचा-चाची दोघांचाही तिकडचा व्हिसा आला होता. चाची निघाल्या, सामानात सुके बोंबील, मेथीचे लाडू आणि (हो!) तीन चिकटपट्ट्या. चाचा मात्र काही केल्या तयार होईनात. ते नुकतेच रिटायर झाले होते, कंपनीचा व्हिसा संपत आला होता, बहरीन सोडावंच लागणार होतं. सनाताई फोनवर रडली, "अब्बा, इथेच या ना. आमच्याजवळ राहा."

"मी काय करू तिथं?" चाचा म्हणाले. "तिथं गरमी नाय, एसी नाय. खिडकीत बसून बर्फ बगू? मी जातो गावाला."

गावाला कोणीच नव्हतं हो त्यांचं. घर होतं, कुलूप लावलेलं. फोन ठेवल्यावर ते कितीतरी वेळ तो ब्रश अंगठ्याने फिरवत बसले होते. मला तेव्हा कळलं की त्यांना थंडीची भीती नव्हतीच. बिनकामाचा म्हातारा होऊन लेकीच्या घरी बसायची भीती होती.

चाची गेल्यापासून रोज संध्याकाळी पाचला मी चहा घेऊन समोर जायचे आणि माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावायचे. आमची संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ. आणि तो कॉल म्हणजे माझ्यासाठी रोजची सिरियल! खिडकीबाहेर पांढरंच पांढरं. इम्रानभाई गाडी शोधतायत, कारण गाडी बर्फाखाली. चाची जावयाचे बूट घालून अंगणात, गुडघ्यापर्यंत बर्फात, हसतायत. शेजारी एक उंच गोरे आजोबा होते, ते रोज पहाटे स्वतःचं अंगण झालं की यांच्याही दारातला बर्फ फावड्याने उपसून जायचे, न सांगता. चाची त्यांना "दादा" म्हणायच्या आणि रोज काहीतरी डब्यातून द्यायच्या. तांदळाची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा खाऊन दादांचं नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि दुसऱ्या दिवशी ते रिकामा डबा घेऊन दारात हजर! चाचा हे सगळं बघून हसायचे, पण कॉल संपला की पुन्हा तो ब्रश हातात घ्यायचे.

मग बाळ झालं. मुलगी, अलीना. ती आठ दिवसांची असताना एका शुक्रवारी मी कॉल लावला आणि समोर सनाताई, अंगावर दोन गोधड्या, डोक्यावर टोपी, बोलताना तोंडातून वाफ निघतेय. घरात!

"अब्बा, फर्नेस बंद पडली. काल रात्रीपासून. घर नुसतं गार गार होत चाललंय."

फर्नेस म्हणजे तळघरातलं ते मोठं मशीन, जे सगळं घर गरम ठेवतं. रात्रभर बर्फाचं वादळ झालेलं. बाहेर उणे तीस. रस्ते बंद. दुरुस्तीवाले म्हणाले, उद्या दुपारपर्यंत येऊ. दादांनी एक छोटा विजेचा हीटर आणून दिला होता, त्याच्यासमोर चाची अलीनाला छातीशी धरून बसल्या होत्या. चाची, ज्या कधी गप्प बसत नाहीत, त्या अक्षरशः गप्प. दादा म्हणत होते मायलेकींना माझ्या घरी न्या, पण दारासमोर कमरेएवढा बर्फ, आणि त्या गारठ्यातून आठ दिवसांचं बाळ न्यायला सनाताईचं मन होईना.

चाचांनी चहा खाली ठेवला. "इम्रान, फोन मशीनजवळ ने."

"अब्बा, तो एसी नाही, फर्नेस आहे. वेगळं असतं ते. तुम्हाला नाही कळणार."

मला इतका राग आला! पण चाचांचा आवाज चढला नाही. "एसी काय, फर्नेस काय, श्वास दोघांनाबी लागतो. ने."

तळघर. मशीन. त्यावर एक बारीक लाल दिवा लुकलुकत होता. चाचा म्हणाले, "सगळे गप्प ऱ्हावा." फोन कानाला लावला, डोळे मिटले. मलाही ऐकू येत होतं. आत एक छोटा पंखा घुर्रर्र करून सुरू व्हायचा, थोडा वेळ फिरायचा आणि थांबायचा. परत सुरू, परत बंद.

"जिवंत हाय," चाचा म्हणाले. "पंखा फिरतोय, पन आग पेटवत नाय. धूर जायला वाट दिसत नाय याला, म्हनून पेटवत नाय. शहाणा मशीन हाय. इम्रान, याच्यातनं दोन पाईप निघाले असतील. कुठं जातात बग."

"हो, आहेत. पांढरे. भिंतीतून बाहेर जातात."

"मग आत काय करतोस? आधी बाहेर जाऊन बग! यल्ला, चल लवकर!"

इम्रानभाई आणि दादा फावडी घेऊन बाहेर. फोन इम्रानभाईंच्या हातात, स्क्रीनवर नुसतं पांढरं आणि वाऱ्याचा आवाज. बर्फाचा ढीग भिंतीला टेकून खिडकीपर्यंत चढलेला. दादा खणतायत, खणतायत, आणि खट्ट! स्क्रीन काळी. थंडीने फोनच बंद पडला!

मी वेड्यासारखी परत परत कॉल लावत होते. चाचा हॉलमध्ये फेऱ्या मारत होते, आणि गंमत बघा, प्रत्येक फेरीत बंद एसीखाली थांबून हात वर करत होते. "इंशाल्ला," एवढंच म्हणत होते. मी घड्याळ बघितलं नाही, पण आईने पाठवलेली भजी पार गार झाली.

मग चाचींच्या फोनवरून कॉल आला. समोर इम्रानभाई, भुवयांवर बर्फ, हातात एक निळसर कडक वस्तू, चिकटपट्टीसकट.

"अब्बा, पाईप बर्फाखाली होतेच. पण दोन्हीत हे कोंबलेलं होतं!"

चाचांनी डोळे बारीक केले. "अरे... हा तर माझा शर्ट!"

खरंच! त्यांचा कामावरचा जुना निळा शर्ट, फाडून केलेले दोन बोळे, गोठून दगड झालेले. मागून चाचींचा बारीक आवाज आला, "वादळ येनार बोल्ले ना... मी बाहेरनं बगितला, भिंतीत दोन भोकं. म्हटला यातनं गारठा आत येत असनार."

आणि चाचा असे हसायला लागले, असे हसायला लागले की सोफ्यावर बसले. "रझिया! माहूजमदी नाक बांधलंस, आता कॅनडात पन!"

"तुमचाच शर्ट होता," चाची म्हणाल्या, "म्हनून तुम्हालाच सापडला." पण त्यांनी अलीनाला आणखी घट्ट धरलं.

"इम्रान, मेन स्विच बंद कर. दहा मोज. चालू कर."

घुर्रर्र. पंखा. आम्ही श्वास धरलेला. टक, टक, टक... आणि मग भप्प! आग पेटली! मी इतक्या जोरात ओरडले की आई समोरच्या दारातून धावत आली. सनाताईने फोन वर नेऊन जमिनीतल्या गरम हवेच्या जाळीवर धरला, तिची ओढणी हवेने वर उडाली. दादा काहीतरी मोठ्याने ओरडले, मला शब्द कळले नाहीत, पण दोन्ही अंगठे वर होते.

फोन परत तळघरात आला तेव्हा इम्रानभाई मशीनजवळच बसून राहिले होते. मान खाली घालून म्हणाले, "अब्बा, मघाशी मी... सॉरी. मला इतकी वर्षं झाली इथे, मी बाहेर जाऊन बघितलंच नाही. तुम्ही या. प्लीज. आम्हाला तुमची गरज आहे."

चाचा म्हणाले, "रझिया तिथं मोकळी हाय म्हंजे मला यावाच लागेल. नायतर अख्ख्या गल्लीचे पाईप बांधील."

पुढच्या महिन्यात ते गेले. निघताना त्यांनी तो ब्रश माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "चाचा, हा तुम्हाला तिकडे लागेल." तर म्हणाले, "तिथं फावडा लागतो. माहूज तुझ्याकडं." मी रडले, ते नाही रडले. लिफ्टमध्ये शिरण्याआधी परत आमच्या घरात आले, हात वर केला, डोळे मिटले आणि गेले.

त्यानंतर इथे पहिलं धुळीचं वादळ झालं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा एसी बंद पडला. मेकॅनिक मिळेना. मी ब्रश घेऊन गच्चीवर गेले. पाऊण तास लागला, नाकातोंडात धूळ, पण सुरू झाला! त्या म्हणाल्या, कुठे शिकलीस गं? मी ऐटीत हात वर केला.

पण मला सगळ्यात आवडतो तो चाचा तिकडे पोचल्याचा व्हिडिओ. इम्रानभाईंनी काढलेला. गाडी दारात थांबते. सनाताई उघड्या दारात अलीनाला घेऊन उभी, चाची तिच्या मागे, दादा फावडं टेकून कुंपणाशी. चाचा उतरतात, अंगावर मोठ्ठा उसना कोट, आणि दाराकडे जातच नाहीत! सरळ घराच्या बाजूला वळतात, बर्फात गुडघाभर रुतत, पडत, उठत.

"अब्बा, आधी आत या ना!" सनाताई ओरडते.

चाचा हातमोजा काढतात. उणे वीसमध्ये उघडा तळहात त्या पांढऱ्या पाईपसमोर धरतात आणि डोळे मिटतात. पाईपातून ऊबदार वाफ येते आणि त्यांच्या बोटांमधून वर जाते.

"हां," ते म्हणतात, "चाललाय श्वास." मग दाराकडे बघून दोन्ही हात पसरतात. "यल्ला, आता द्या माझी नात इकडं!"