बर्फाखाली नाम आठवलं नाही

त्या वर्षी माझं आणि दत्तमहाराजांचं बोलणं बंद होतं, असंच म्हणायला हवं. दिवा रोज लावत होते, अकरा माळांचा जपही मोडला नव्हता, पण आत काही हलत नव्हतं. आदल्या पावसाळ्यात सांगलीला आई अत्यवस्थ झाल्याचा फोन आला तेव्हा लंडनहून निघाल्यापासून मी एकसारखं नाम घेत होते. एवढं मागणं पदरात घाला, मला तिचा चेहरा पाहू द्या. मी घरी पोहोचले तेव्हा अंगणात चपलांची गर्दी होती. सगळं उरकून लोक परतायला निघाले होते. त्यानंतर मी महाराजांकडे काही मागितलं नाही. खरं तर रागावण्याचीही भीती वाटत होती, म्हणून शिस्तीनं माळ ओढत राहिले.

मी भूलतज्ज्ञ आहे. २००० नंतरची ती वर्षं. यजमान बेसिंगस्टोकला आयटीत, मुलगी तिथल्याच शाळेत, आणि मी वर्षभराच्या नेमणुकीवर स्कॉटलंडच्या उत्तरेला एका हॉस्पिटलमध्ये. महिन्यातून एकदा घरी जायचं. एका रविवारी सुट्टी होती, तेव्हा हॉस्पिटलातल्या दोन मैत्रिणी म्हणाल्या, "चल, नुसती खोलीत काय बसतेस?" म्हणून त्यांच्याबरोबर जवळच्या स्की सेंटरला गेले. मला स्कीइंग येत नाही. मी कॅफेत काचेपाशी चहा घेऊन बसले होते.

दाराजवळच्या फळ्यावर त्या दिवशीचा हिमकडे कोसळण्याच्या धोक्याचा इशारा लावलेला होता. पूर्वेकडचे उतार टाळा, असं काहीसं. मी तो वाचला आणि विसरले. आपल्याला कुठे जायचंय वर?

अर्ध्या तासानं लाल जॅकेटमधला एक उंच माणूस आत आला आणि त्यानं मोठ्यानं विचारलं, "इथं कुणी डॉक्टर आहे का?" वर एका बाईच्या मांडीचं हाड मोडलं होतं. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं आणि सेंटरचा डॉक्टर खाली रस्त्यात अडकला होता. मी उभी राहिले.

त्याचं नाव कॅलम. सेंटरच्या बचाव पथकातला, पन्नाशीचा, कमी बोलणारा. बाहेर त्याची स्नोमोबिल उभी होती, बर्फावरून धावणारी मोठ्या स्कूटरसारखी गाडी. मी बसायला गेले तर त्यानं मला थांबवलं आणि पट्ट्याला लावलेली एक छोटी पेटी माझ्या हातात दिली. "हे जॅकेटच्या आत बांधा. सुरू आहे, बटणाला हात लावू नका."

"पेशंट तिकडे कळवळतोय आणि आपण हे काय करतोय?" मी म्हणाले.

"बांधल्याशिवाय मी गाडी सुरू करणार नाही, डॉक्टर." आवाज शांत होता, पण त्यात सवलत नव्हती. मी तोंड वाकडं करून ती बांधली. माणूस बर्फाखाली गेला तर त्याचा ठावठिकाणा त्या पेटीवरून लागतो, एवढं त्यानं इंजिनाच्या आवाजात ओरडून सांगितलं.

वर सगळं ठीक झालं. सेंटरच्या औषधांच्या बॅगेतून मॉर्फीन दिलं, पाय सरळ करून बांधला, आणि दोन माणसं त्या बाईला स्ट्रेचरवरून घेऊन पुढे निघाली. बॅग माझ्या ताब्यात होती. आम्ही मागून निघालो. अर्ध्या वाटेवर एका सपाट जागी कॅलमनं गाडी बंद केली. पुढची वाट अरुंद होती, स्ट्रेचर पार होईपर्यंत थांबायचं होतं. उजवीकडे एक सुंदर उतार होता, एकही पाऊल न उमटलेला, साखरेसारखा. त्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "दोन दिवस वाऱ्यानं बर्फ आणून इथे रचलाय. वरून घट्ट दिसतो, खाली पकड नाही. गाडीजवळच उभ्या राहा. एक पाऊलही तिकडे टाकायचं नाही." आणि तो पाठ करून रेडिओवर बोलू लागला.

मी पाय मोकळे करायला उतरले आणि सीटवर ठेवलेली बॅग घसरली. उतारावर जेमतेम दहा-बारा फुटांवर जाऊन थांबली. त्यात मॉर्फीन होतं, आणि ते मी माझ्या सहीनं घेतलं होतं. समोर दिसतेय, चार पावलं तर आहेत, असं म्हणत मी गेले. विचारलंसुद्धा नाही. वीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे माझं ऐकतात, त्याची ही सवय.

तिसऱ्या पावलाला पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज झाला. माझ्या वरच्या बाजूला बर्फात एक रेघ उमटली आणि सगळा उतार मला घेऊन निघाला.

थांबलं तेव्हा काळोख होता. एक हात तोंडासमोर अडकलेला, त्यामुळे ओंजळीएवढी मोकळी जागा. बाकी बोटही हलेना. बर्फ सिमेंटसारखा आवळतो हे मला माहीत नव्हतं. काय होणार हे मात्र नेमकं माहीत होतं, तो माझा धंदाच. श्वासातून सोडलेली हवा साचणार, गुंगी येणार, मग झोप.

आता नाम घ्यावं, असं मनात आलं. आणि खरं सांगते, ते आलं नाही. लाखो वेळा घेतलेलं नाव. 'दत्त' हा एवढासा शब्द मला सापडेना. डोक्यात येत होतं ते भलतंच: मशीनमध्ये कपडे ओले राहिलेत, मुलीच्या शाळेचा फॉर्म भरायचा राहिलाय. मी धडपडले, आठवायचा हट्ट केला. आई गेली त्या दिवशी नाम घेऊन उपयोग झाला नाही, आणि आज तर तेही नाही. मग कुठेतरी हट्ट सुटला. बरं, नाही येत तर नाही, असं मी मनात म्हटलं. तुम्हाला काय करायचं ते करा. मागणं नव्हतं त्यात, रागही नव्हता. त्यानंतर जी शांतता आली तिचं वर्णन मला जमणार नाही. ती गुंगी असेल असं माझ्यातला डॉक्टर म्हणतो. असेलही.

खांद्यावर काहीतरी टोचलं. पुन्हा टोचलं. मग फावड्याचा आवाज, आणि डोळ्यांवर उजेड. कॅलमनं आधी माझं तोंड मोकळं केलं. तो धापा टाकत होता. "डॉक्टर, काहीतरी बोला."

"बॅग," मी म्हणाले.

तो हसला, आणि हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले. "खड्ड्यात गेली तुमची बॅग!"

मी नऊ मिनिटं बर्फाखाली होते, असं त्यानं सांगितलं. संध्याकाळी कॅफेत ब्लँकेट गुंडाळून बसले असताना तो समोर येऊन बसला. "एक विचारू? तुम्ही मला हाक का मारलीत?"

मी हाक मारली नव्हती.

"मी रेडिओवर होतो, पाठ तुमच्याकडे होती," तो म्हणाला. "कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं म्हणून वळलो, तेव्हाच उतार सुटला. तुम्ही कुठे दिसेनाशा झालात ते पाहिलं, म्हणून शोध कुठून सुरू करायचा ते कळलं. नाहीतर पेटीचा सिग्नल पकडण्यातच वेळ गेला असता." मग तो म्हणाला, "वारा असेल." मी मान हलवली. त्याच्याशी यावर पुन्हा बोलले नाही, आणि आजही कुणाशी वाद घालत नाही.

एक मात्र मला कळलं. शरणागती म्हणजे हात जोडून डोळे मिटणं, एवढंच मी धरून चालले होते. माहितगार माणूस 'थांबा' म्हणाला तर थांबणं, तो देईल ते मुकाट्यानं बांधणं, यातही ती आहे, आणि माझ्यासारखीला तीच जास्त अवघड. मी मिरवत होते भक्ती, आणि एका साध्या माणसाचं साधं सांगणं माझ्या कानावरून गेलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात यजमानांना आणि मुलीला घेऊन त्याला भेटायला गेले. यजमान नुसते त्याचा हात धरून उभे राहिले. मी म्हणाले, "माझ्यासाठी तुम्ही केवढं केलंत."

कॅलम संकोचला. "तुमच्यासाठी म्हणून नाही, डॉक्टर. खाली कोणीही असतं तरी मी खणलंच असतं."

परतीच्या ट्रेनमध्ये ते वाक्य मला थोडं लागलं होतं. तोवर मला वाटायचं, माझ्या इतक्या वर्षांच्या दत्तसेवेची कुणीतरी दखल घेतली. खिडकीबाहेर हिरवे डोंगर मागे जात होते, मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, आणि हळूहळू त्या वाक्यानं मला असा काही धीर दिला की डोळे भरून आले. मी पात्र होते म्हणून नव्हे. नाम आठवलं म्हणून नव्हे. खाली कोणीही असतं तरी.