दुसऱ्याच गाडीचा धूर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईबाबांना नाही, ज्यांच्याबरोबर घसा फुटेपर्यंत घोषणा दिल्या त्यांना तर नाहीच. तुम्ही माझी पत्रकं वाचली असतील — हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, फ्रीगंजच्या बाजारात मीच वाटते. हवा, धूर, खोटी प्रमाणपत्रं. लोक म्हणतात, पोरगी निडर आहे. निडर? ऐका.

बाबा बँकेत, युनियनचे. मी अक्षरं जुळवायला शिकले तीच त्यांच्या पत्रकांवरून. त्यामुळे कॉलेजच्या सुट्टीत नानाखेड्याच्या बस स्टँडजवळ, गाड्यांचा धूर तपासणाऱ्या केंद्रात काम मिळालं तेव्हा मला ते कामापेक्षा मोर्चाच वाटलं होतं.

केंद्र म्हणजे एक उभी व्हॅन, आत कॉम्प्युटर आणि धूर मोजायचं मशीन. ते चालवायचे मुकेश भैया. काचेवर नारंगी स्टिकर असलेली, म्हणजे डिझेलची गाडी आली की इंजिन गरम होऊ द्यायचं, सायलेन्सरमध्ये नळी घालायची आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा — पुन्हा पुन्हा. हळू दाबला तर धूर कमी निघतो, आकडा मर्यादेत बसतो. भैयांना ते खपायचं नाही. "नेताजी, पूरा दबाओ! इंजन है, सोता हुआ बच्चा नहीं." माझ्या पत्रकांमुळे मला ते नेताजी म्हणायचे. नापास गाडी ते परत पाठवायचे, ड्रायव्हर कितीही भांडो.

मग बिघडलं कुठे? बिघडलं नाही — मी बिघडवलं.

एका दुपारी भैया जेवायला गेले होते. सुधीरकाका आले, आमच्या मराठी मंडळातले. स्टेशनवरून यात्रेकरूंना रामघाटावर नेणारी त्यांची गाडी. मी तपासली — नापास. पुन्हा तपासली — नापास. दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीची मंडळी यायची होती. काका म्हणाले, "अगं, आपलीच गाडी आहे. डिझेल पंप नंतर दुरुस्त करून घेतो. तू काय परकी आहेस का?"

शेजारी तपासणीला आलेली एक नवी जीप उभी होती, किल्ली आतच. मी नळी जीपच्या सायलेन्सरमध्ये घातली आणि प्रमाणपत्रावरचा फोटो मात्र काकांच्या नंबर प्लेटचा काढला. मशीनला काय कळतं, धूर कुणाचा? प्रमाणपत्र निघालं — भैयांच्या लॉगिनवर.

महिन्याभरात काकांची गाडी रस्त्यावरच्या तपासणीत पकडली गेली. काळाकुट्ट धूर आणि ताजं प्रमाणपत्र. केंद्राच्या मालकांनी लॉगिन पाहिलं, भैयांना बोलावलं. भैयांनी माझ्याकडे पाहिलं. "उस दिन तू थी ना?"

आणि मी — मी म्हणाले, "याद नहीं, भैया."

त्यांचं काम गेलं, परिवहन कार्यालयात त्यांच्या नावावर ठपक्याची नोंद झाली. दुसऱ्या कुठल्या केंद्रानेही त्यांना घेतलं नाही. एवढ्यावर थांबले असते तर निदान भित्री म्हणवून घेता आलं असतं. पण मी पत्रक लिहिलं — खोटी प्रमाणपत्रं विकणाऱ्या ऑपरेटरांवर. नाव घातलं नाही. गरज होती का? नानाखेड्यात सगळे समजले. सभेत टाळ्या पडल्या, आणि मी त्या घेतल्या.

चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका शाळेत मी धुरावर बोलत होते. एका मुलीने विचारलं, "दीदी, खोटं प्रमाणपत्र देणाऱ्याला त्या वेळी कळत असेल ना?" मी म्हणाले, कळतं. आणि घरी येऊन मुकेश भैया आता कुठे असतात याची चौकशी सुरू केली.

भैया आता आगर रोडच्या एका गॅरेजमध्ये डिझेल पंप दुरुस्त करतात. मंगळवारी मी तिथे गेले. उभ्यानेच सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत, मला बसही म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, "उस गाड़ी का पंप ठीक हुआ?" म्हटलं, हो, दंड झाल्यावर काकांनी बदलला. "चलो, एक तो साफ़ हुई."

परिवहन कार्यालयात द्यायचा जबाब मी लिहून नेला होता, हिंदीत. त्यांनी सावकाश वाचला. एका ओळीवर तेलकट बोट ठेवलं. मी लिहिलं होतं — 'जल्दबाज़ी में'.

"इसे काट. मैं खाना खाने गया था. पूरा आधा घंटा था तेरे पास."

खरं होतं. मी ते शब्द खोडले आणि बाजूला सही केली.

भैयांनी हात पुसले, गॅरेजच्या मालकाला सांगितलं, तासाभरात येतो. "चल. मुझे भी सुनना है, वो क्या बोलते हैं."

कार्यालयातल्या बाईंनी जबाब वाचला आणि म्हणाल्या, भैयांच्या नावावरची जुनी नोंद पुन्हा तपासावी लागेल. जबाब मिळाल्याची पोच माझ्या नावाची होती. मी ती भैयांच्या हातात दिली. त्यांनी दोनदा वाचली, घडी घातली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.