तांबूस लोण्याचा वास

लोणी तांबूस होऊन काजू भाजल्यासारखा वास सुटला, की मला आमचं लांज्याचं स्वयंपाकघर दिसतं. वहिनी चॉकलेट कुकीजच्या पहिल्या ऑर्डरसाठी लोणी कढवत होती. मुंबईहून आलेल्या दादानं मागून तिचे केस धरले. "काय गो, घराचं दुकान करतेस?" म्हणत त्यानं थोबाडीत दिली. ओठ फुटला, तरी ती ढवळत राहिली, कारण हात थांबला असता, तर तळाची बेरी करपली असती. मग तिनं गॅस बंद केला, लोणी बेरीसकट पातेल्यात ओतलं आणि तीच तापलेली कढई त्याच्या हातावर दाबली. तो गुरासारखा ओरडला. "परत उगारलात, तर तोंडावर ठेवीन," ती म्हणाली आणि पीठ चाळायला बसली. ऑर्डर वेळेवर गेली. दादा अजूनही तो डाग बाइकच्या सायलेन्सरचा म्हणून सांगतो. मी दर वेळी, भर पाहुण्यांत, खरं सांगते.