काळ्या अक्षरांचे सिंह

संग्रामपूरच्या तहसीलीसमोर लिंबाखाली टेबल टाकून उद्धवनं तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. लोक आपलं गाऱ्हाणं सांगत आणि याची नजर त्यांच्या जुन्या कागदांवरच्या महसुली तिकिटांवर. पावतीवर चिकटवून वरून सही मारतात ती नखाएवढी, सिंहांच्या राजमुद्रेची तिकिटं. त्यातही त्याचा जीव दुहेरी छापाच्या तिकिटांत: सिंह आधीचे, अन् वरून सरकारनंच मागाहून काळ्या शाईत अक्षरं छापलेली.

रिटायर झाल्यावर तर त्याले रानच मोकळं. रद्दीतल्या पावत्या आणायच्या, परातीत भिजवायच्या, तिकीट सुटलं की फडक्यावर वाळवायचं.

"मेलेल्या पावत्यायले आंघोळ घालून राह्यले," म्हणे त्याची बायको, नाव तिचं प्रेमला. "मी कणीक कशात भिजवू?"

दुहेरी छापाची एकोणीस जमली होती. विसावं मलकापूरच्या वामनराव अडत्याच्या आजाच्या दप्तरात सापडलं, तेही कोरं. सही नाही, मागचा डिंक शाबूत. अकरा वर्षं शोधलेलं तिकीट! चुरगळू नये म्हणून उद्धवनं ते बँकेच्या पासबुकाच्या कव्हरात सरकवलं.

चूक इथंच झाली. घरातली पावतीची तिकिटं प्रेमला त्याच कव्हरात ठेवायची.

सोमवारी दुपारी त्यानं कव्हर उघडलं तर रिकामं.

"प्रेमला! इथलं तिकीट कुठी गेलं?"

"सकाळी शालूबाईले देऊन आली. बचत गटाच्या पापडाची पावती करायची होती."

"अवं, ते माह्यं होतं!"

"मंग पासबुकात काऊन ठेवलं? तुमची परात काय मेली होती?"

उद्धवनं चप्पल उलटीसुलटी घातली अन् निघाला. शालूबाई गटाची सचिव, कामाला चोख. तिकिटाले जीभ लावली असेल, चिकटवलं असेल, वरून लांबलचक सही ओढली असेल. भिजवून तिकीट सुटतं, सही सुटत नाही. चार गल्ल्या ओलांडेस्तोवर त्याच्या डोळ्यापुढं ती सहीच नाचत होती.

शालूबाई ओट्यावर पापड मोजत बसलेली.

"शालूबाई, पावती झाली का?"

"हाव, कवाच."

उद्धव मटकन ओट्यावर बसला.

"पण तुमच्या तिकिटावर नाई बाप्पा," ती म्हणाली. "डाकघरातून नवं आणलं. ते तर वापरलेलं होतं. त्याच्यावर कोणीतरी आधीच काळं करून ठेवलं होतं."

उद्धव ओट्यावरून अर्धा उठला. "टाकलं?"

"कसं टाकू? सरकारचे सिंह हायेत, झाडणीखाली घालू का?"

तिनं आतून कुंकवाचा करंडा आणला. झाकणाच्या आत तिकीट सपाट बसलेलं. अक्षरं जागच्या जागी, डिंक कोरडा. फक्त मधल्या सिंहाच्या कपाळी कुंकवाचा बारीक ठिपका.

उद्धवनं इतका लांब श्वास सोडला की वरचा पापड उडाला.

"अन् भाऊजी," शालूबाईनं बोट उगारलं, "वापरलेलं तिकीट दुसऱ्यांदा चालवणं गुन्हा हाये. एवढे अर्ज लिहिले तुमी, घरच्यायले इतकंही शिकवलं नाई?"

कायद्यात उद्धवले शिकवणारा माणूस तालुक्यात अजून निघाला नव्हता. एरवी त्यानं तिथंच ओट्यावर कलमं ऐकवली असती. त्यानं तिकीट खिशात ठेवलं, खिशाचं बटन लावलं, अन् मान खाली घालून म्हणाला,

"हाव, चुकलं बाई."