सलाइन लावलेलं स्थळ

दर तिसऱ्या गुरुवारी जळगावला माझी केमो असायची. शेजारच्या खुर्चीत बायकोला केमोसाठी बसवून अमळनेरकडचे एक आबा दिवसभर उभेच राहायचे. बसून लग्नं जमत नाहीत, असं त्यांचं ठाम मत.

मी चोविशीतला, आमच्या घरातला पहिला बी.कॉम. आजार कळल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे. माझ्या लग्नाचं तर कोणी नावच काढेना. आबांनी मात्र पहिल्याच दिवशी खणखणीत आवाजात शिक्षण आणि शेतीच विचारली, "शिकेल कितलं शे? वावर कितलं शे?"

"आबा, मला कॅन्सर आहे."

"ते तुले कोन इचारस?"

मग त्यांनी माझा बायोडाटा लिहून घेतला. उंचीचा अंदाज यावा म्हणून मला सलाइनच्या स्टँडला खेटून उभं केलं. नर्स ओरडली, तर तिलाही वय विचारलं.

चौथ्या केमोला ते खरोखरच एका मुलीच्या वडिलांना घेऊन आले. माझ्या हातात सुई, पाहुण्यांच्या हातात चहा. त्यांनी नोकरीचं विचारलं. मी पतसंस्थेत आहे, पण करारावर, असं खरं ते सांगून टाकलं.

"बिमारी बरी व्हई जाई," पाहुणे उठत म्हणाले, "पन पर्मनंट नोकरी नही, तठे पोर कशी देवानी?"

आबा भांडत त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेले. मी लगेच घरी फोन लावला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडलो, "माय, माले नकार उना! नोकरीमुये!"