दाराआडचा गळ

दबोराबाईंचं एक ठाम मत होतं. जगातली निम्मी भांडणं दोन आण्यांच्या वस्तूंवरून होतात. जमिनीवरून होणारी कोर्टात जातात म्हणून गाजतात, एवढंच. पण रॉकेल ओतायचं नरसाळं घरात नाही, चहाची गाळणी नाही, कंदिलाची काच आतून पुसायचा ब्रश नाही, म्हणून बायका शेजारी हात पसरतात, शेजारीण नाक मुरडते, आणि मग दोन घरांत तीन वर्षं अबोला.

“घ्या की एकदाचं विकत!” बाई म्हणत. “लग्नात बँड लावता आणि नरसाळं म्हटलं की हात आखडतो. फडक्यानं चहा गाळायचा, आणि तेच फडकं... जाऊ दे, नको सांगायला.”

शेजारच्या आळीतल्या मालनबाई म्हणत, “दबोराबाईला सर्गात नेलं, तर ती देवालाच इचारंल, तुमच्याकडं गाळणी हाय का?”

“विचारीन. आणि नसली तर परत येईन.”

शिरूरला मिशनच्या आवारात मुलींचं वसतिगृह होतं, तिथल्या त्या मेट्रन. चाळीस मुलींच्या भाकरी, खरूज, उवा आणि प्रार्थना, सगळं त्यांच्या अंगावर. नवरा बन्यामीन दौंडच्या लोको शेडात फिटर होता. एक्कावन्न साली तो न्यूमोनियानं गेला आणि बाई एक ट्रंक घेऊन शिरूरला आल्या. ट्रंकेत चार लुगडी, बायबल, आणि तळाशी पोत्यात गुंडाळलेला गळ.

आडात पोहरा पडला की काढायला लागतो तो गळ. चार बाजूंना चार वाकडे आकडे, वर कडी, कडीला हातभर साखळी. साखळीला दोर बांधायचा, खाली सोडायचा आणि आंधळ्यानं भिंत चाचपावी तसा पाण्यात फिरवायचा. बन्यामीननं तो शेडातल्या भंगाराच्या सळईतून घडवला होता. बाईंनी तो खोलीच्या दाराआड खिळ्याला अडकवला. दार हललं की साखळी खुळखुळे.

पोहरे सगळ्या आळीचे पडत, पण गळ मात्र कोणाच्याच घरी नव्हता. पैशाचा प्रश्न नव्हता. पोपटराव लोहार चहाच्या दोन-चार खेपांच्या पैशात करून देई. पण गळानं नेहमी पोहराच वर येतो असं नाही, आणि हे प्रत्येकीला ठाऊक होतं. आळीत म्हणतच, ज्याच्या घरी गळ त्याच्या आडाला भूक. तेव्हा गळ ख्रिस्ती बाईच्या दाराआड असलेलाच बरा. लोखंडाला विटाळ नाही. आणायचा, काम झालं की परत करायचा. तोवर आपला तांब्या बाईंच्या ओट्यावर तारण.

“आडाला भूक!” बाई हसत. “आडाला भूक नसते, तुमच्या डोक्यात भुसा असतो.”

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात नकुशी यायला लागली. आवाराच्या कुंपणापलीकडे धुरपदाबाईंचा भाजीचा मळा आणि घर. त्यांच्या जयसिंगची ही नवी बायको. माहेर वरवंडचं, शेवंती-झेंडूचे मळेवाले. चौथी मुलगी, म्हणून नाव नकुशी. असली नावं ठेवणाऱ्यांना काय बोलावं? मुलगी मात्र तरतरीत, सावळी, बोटं लांब.

“बाई, पव्हरा पडला. गळ देता का?”

“तांब्या ठेव. आणि लवकर आण.”

ती तांब्या ठेवी आणि तिथंच उभी राही. मग चौकटीला पाठ लावून बसे, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. ख्रिस्तीणीच्या घरात गेली असं कोणी म्हणायला नको, आणि बाहेर बसली असंही बाईंना वाटायला नको. बाई चहा देत. ती बाहेरच्या पायाकडे एकदा बघे आणि पटकन पिऊन टाके.

“ह्ये काय वो, मावशी?” बाईंची तिनं दुसऱ्याच खेपेला मावशी केली होती.

“गाळणी.”

“आन् त्ये?”

“काचेत घालायचा ब्रश. फिरवून बघ.”

ती कंदिलाची काच मांडीवर घेऊन ब्रश फिरवत बसे. काच लखलखीत झाली की तिच्यातून बाईंकडे बघून हसे. असं किरकोळ वस्तूंचं इतकं कौतुक करणारं माणूस बाईंना उभ्या जन्मात भेटलं नव्हतं. एकदा तर ती नरसाळं उलटं करून कानाला लावून बसली होती.

“काय ऐकू येतं?”

“कायबी न्हाई. पर आपल्या घरातल्यापरास बरं वाटतं.”

बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. चाळीस भाकऱ्यांचं पीठ मळायचं होतं.

आळीला सगळं माहीत होतं, म्हणजे बाईंनाही असणारच. लग्नात वरवंडकरांनी सासूला दिलेलं मानाचं लुगडं हलकं निघालं. धुरपदाबाईंनी ते घडी न मोडता बाजूला ठेवलं आणि सुनेशी अबोला धरला. दीर, जावा, पोरं, सगळ्यांना तीच आज्ञा. जयसिंग भाजीच्या गाडीबरोबर पुण्याला जाई, दोन-दोन दिवस नसे. असला तरी आईपुढं त्याची जीभ उचलत नसे. नकुशीला कोणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. कामही खुणेनं सांगत. पोहरा पडला की सासू भिंतीकडं बघून म्हणे, “कुनीतरी गळ आना.” तेवढं एक वाक्य तिच्या वाट्याचं.

पोहरा आधी पंधरवड्यानं पडे. मग आठवड्यानं. दिवाळीनंतर आठवड्यात दोनदा.

“अगं, पोहरा आहे की बेडूक?” बाई एकदा चांगल्याच कावल्या. मुलींची तपासणी करायला पाहुणे यायचे होते आणि ही दारात. “दोराला गाठ कशी मारतेस? मारून दाखव.”

नकुशीनं दोराचं टोक घेतलं. बाईंनी निरगाठ शिकवायला हात पुढं केला, तोवर गाठ मारून झालीही होती; इतकी घट्ट की बाईंना ती सुटेना. लहानपणापासून केळीच्या सोपटाच्या धाग्यानं हार बांधलेली बोटं ती. बाई म्हणाल्या, “येतंय की चांगलं. मग घरी का सुटते?”

ती नखानं उंबऱ्याचा टवका काढत राहिली.

नाताळात बाईंनी तिला बोलावून घेतलं. पोपटरावांकडून मुद्दाम करवलेला नवाकोरा गळ, लोहाराच्या तेलानं काळाभोर, कडीला तांबडी फीत, फितीचं फूल.

“घे. तुझा तुला. आता हेलपाटे वाचले.”

नकुशीनं तो दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “म्हंजी आता यायला नगं.”

“तेच तर! कोणापुढं हात पसरायला नको.” बाईंना आपल्या कामाचं समाधान वाटलं. अगदी मनापासून वाटलं, तेच पुढं त्यांना सर्वात जास्त छळत राहिलं.

ती यायची थांबली.

फेब्रुवारीत आठवड्याच्या बाजारात दिसली. भाजीच्या पाटीमागं बसलेली, शेजारी सासू पाठमोरी. बाईंना बघून ती एकदम उठून आली आणि हळूच म्हणाली, “मावशी, तुमच्याकडं आनिक काय हाय, जे आमच्याकडं न्हाई?”

बाईंनी बोटांवर मोजून सांगितलं: गाळणी, नरसाळं, ब्रश. घरी जाऊन मालनबाईंच्या हाती तिला नवी गाळणी आणि नवं नरसाळं पाठवूनही दिलं. एवढ्या आवडीनं बघायची बिचारी! तिकडून निरोप काही आला नाही.

भाद्रपदातल्या एका सकाळी, मुली प्रार्थनेला बसल्या होत्या, जयसिंग दारात येऊन उभा राहिला. पाय चिखलानं भरलेले.

“बाई, गळ द्या.”

“तुमच्याकडे आहे की.”

“आमच्या घरात गळ न्हाई.”

“आहे. नाताळात मीच दिलाय नकुशीला. तिला विचार.”

जयसिंग बाईंकडे नुसता बघत राहिला. मग त्याला तारणाची रीत आठवली असावी. हातात तांब्या नव्हता. त्यानं डोक्याचा पटका सोडला, ओट्यावर ठेवला आणि उघड्या डोक्यानं उभा राहिला. तेव्हा बाईंना कळलं. त्यांनी दाराआडून गळ काढला. साखळी खुळखुळली आणि प्रार्थनेतल्या मुली मागं वळून बघायला लागल्या.

पंचनाम्यात पाय घसरून पडली असं लिहिलं. आडाचं तोंड हातभर उंच बांधलेलं होतं, पण लिहिणाऱ्यानं ते पाहिलं नाही किंवा त्याला पाहायचं नव्हतं.

दहाव्या दिवशी धुरपदाबाई आवाराच्या फाटकाशी आल्या. फडक्याचं एक गाठोडं त्यांनी आत भिरकावलं.

“तिच्या पेटीत व्हतं. तुमचं तुमाला. माज्या घरात गळ आनून ठिवला आन् आडानं मानूस घेतलं!”

बाईंनी गाठोडं खोलीत नेऊन सोडलं. गाळणी होती, जाळीला चहाचा डाग नाही. नरसाळं होतं, त्याला रॉकेलचा वास नाही. आणि गळ. कडीला तांबडी फीत, फितीचं फूल जसंच्या तसं. आकड्यांवर लोहाराचं तेल अजून बोटाला लागत होतं. एकदाही तो पाण्यात उतरला नव्हता.

बाई खाली बसल्या. नाताळापासून भाद्रपदापर्यंत नऊ महिने, आणि पोहरा एकदाही पडला नाही. ज्या पोरीचा आठवड्यात दोनदा पडत होता तिचा. मग त्यांना ती गाठ आठवली, त्यांच्या हातानं न सुटलेली.

आळीत आडाच्या भुकेची कथा घरोघर झाली. बाईंनी तिला हसणं सोडून दिलं. खरं सांगायचं तर तिच्यावर विश्वास बसला असता तर त्यांना बरं झालं असतं. मग दोष लोखंडाचा ठरला असता. पाळकसाहेब येऊन म्हणाले, “दबोराबाई, तुम्ही तर भलंच केलंत.”

“हो,” बाई म्हणाल्या. “भलंच केलं. तिला यायला एकच दार होतं, ते मी भेट म्हणून बंद केलं.”

पाळकसाहेबांनी चहा अर्धा टाकला.

त्यानंतर दुपारची साखळी वाजायला लागली. वारा नसताना, दार जागचं हललेलं नसताना. भाकऱ्या थापताना बाई मान न वळवता म्हणत, “ये, आत ये,” आणि मग हात परातीतच राही. चौकटीकडे बघायची सोय नव्हती. तिथं उंबऱ्याचा टवका निघालेला होता, नखाएवढा. सुताराला तो बुजवू का म्हणून विचारल्यावर बाई त्याच्या अंगावर ओरडल्या. मुली आपसांत कुजबुजत की मेट्रनबाई उंबरा ओलांडताना डावीकडून जातात, उजवीकडे कोणी बसलं असावं तशा.

एकदा पिशवीत दोन्ही गळ घालून बाई घोडनदीच्या पुलावर गेल्या. कठड्याशी अर्धा तास उभ्या राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी चौकशी करायला सुरुवात केली, तेव्हा नवा पाण्यात सोडला. जुना टाकवेना. तो बन्यामीनचा होता म्हणून नव्हे. तो गेला तर कोण कशासाठी येईल?

उपदेश मात्र बंद झाला. मालनबाई एकदा कौतुकानं सांगायला आल्या, “बाई, घेतली बगा गाळणी. तुमीच म्हनत व्हता ना?”

“कशाला घेतलीस?” बाई खेकसल्या. “माझी न्यायचीस. रोज न्यायचीस!”

मालनबाई बाहेर जाऊन म्हणाल्या, बाईचं कायतरी बिघडलंय.

दोन वर्षं धुरपदाबाईंच्या घरातून कोणी आलं नाही. पडलेले पोहरे त्यांनी आडातच राहू दिले. दरम्यान जयसिंगचं दुसरं लग्न झालं, हे बाईंना पलीकडच्या वाजंत्रीवरून कळलं.

एकसष्टच्या मार्गशीर्षात, भर दुपारी, दारात सावली पडली. बाईंनी मान वळवली नाही. “ये, आत ये,” सवयीनं म्हणाल्या.

“येऊ?”

परातीतला हात थांबला. दारात खरंच मुलगी होती. सोळा-सतरा वर्षांची, हिरव्या बांगड्या, कमरेवर तांब्या.

“मी म्हाळसा. पलीकडली, नवी सून. पव्हरा पडला. आत्याबाई म्हनल्या, म्हैन्यात तिसरा बुडाला, आता जा आन् त्यो गळ आन.”

“तिसरा?”

“व्हय.” तिनं मान खाली घातली. “गाठ सुटती.”

बाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. तिनं ते पदराखाली घेतले.

“घरात बोलतात का गं तुझ्याशी?”

म्हाळसानं बांगड्या मनगटावर मागं-पुढं केल्या.

गळ दाराआड होता. दार सताड उघडं, गळ त्या मुलीच्या खांद्यापासून वीतभर, साखळी अजून हलत होती.

“गळ कुठं ठेवला गेला, बघायला लागेल,” दबोराबाई म्हणाल्या. “वेळ लागेल. बस.”

म्हाळसानं साखळीकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग तांब्या ओट्यावर ठेवून ती चौकटीशी बसली, उजव्या बाजूला, एक पाय आत, एक बाहेर. बाईंच्या तोंडून “अगं, तिथं नको” असं निघणार होतं. निघालं नाही. त्यांनी पिठाचे हात धुतले आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

“आत्याबाई वाट बगत असत्याल,” थोड्या वेळानं ती म्हणाली, पण उठली नाही.

“बघू दे. बुडालेला पोहरा कुठं पळून जात नाही.” बाईंनी कंदिलाची काच आणि ब्रश तिच्या मांडीवर ठेवला. “फिरव. आतून.”