दगडूदादाची एकट्याची रेकॉर्ड

बँडवाल्यांकडं किस्से साचतात. लग्नात आम्ही अर्धा दिवस वाजवतो आणि अर्धा दिवस जेवणाची वाट बघत बसतो, मग दुसरं करणार काय? सन पासष्टच्या आसपास मी भोरच्या एका बँड पार्टीत साइड ड्रम वाजवायचो. आज फक्त आमच्या क्लॅरिनेटवाल्या दगडूदादाचं सांगतो.

*

भाटघर धरणावर एक ओव्हरसीअरसाहेब होते. त्यांच्याकडं बारशाला वाजवायला गेलो, तर साहेबांनी फोनोवर अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांची तबकडी लावली. ब्लूज म्हणतात म्हणे. एक माणूस गिटारवर रडवेलं काहीतरी गात होता, शब्द एक कळेना.

दादा जेवण टाकून ऐकत बसला. म्हणाला, "सायेब, ह्यो मानूस दुसऱ्याच्या रानात राबलेला दिसतोय. आमची आई जात्यावर असंच गाती."

साहेबांनी कव्हर वाचलं आणि चाटच पडले. गाणारा लहानपणी खरंच मळ्यावर कापूस वेचायचा!

*

तेव्हापासून दादा आईच्या ओव्या क्लॅरिनेटवर घ्यायला लागला. एकदम संथ, सूर ओढत ओढत. वेल्ह्याला एका वरातीत त्यानं तेच काढलं. नवरी सासरी येऊन पोचली होती, म्हणजे रडारड उरकलेली. तरी नवऱ्याची आत्या रडायला लागली, मग मावशी, मग खुद्द नवरदेव!

आमचे बँडमास्तर ओरडले, "दगडू, आरं लगीन हाय, दहावा न्हाई!"

*

हे गंगूआईच्या, म्हणजे दादाच्या आईच्या कानावर गेलं.

"म्या जात्याला सांगितलेलं तू गावाला सांगत फिरतोस व्हय?"

एवढं बोलून तिनं बोलणंच टाकलं. भाकरी वाढायची, पण शब्द नाही. दादाला हे फार लागलं. मलाही वाईट वाटायचं, कारण त्याच्या डोक्यात एकच होतं. आईनं एकदा ते ऐकावं.

*

साहेबांच्या ओळखीनं पुण्यात त्या ओव्यांची रेकॉर्ड करायचं ठरलं. बँड नाही, एकटा दादा. सोबतीला मी.

पण आमचा सगळा जन्म चालत वाजवण्यात गेलेला! दादानं सूर लावला आणि माइकपासून जो निघाला तो थेट दारापर्यंत.

"अहो, कुठं निघालात?" रेकॉर्डिस्ट ओरडला.

दादा ओशाळून म्हणाला, "मागं वरात हाय असंच वाटतंय."

खुर्चीवर बसवला तर दमच पुरेना. शेवटी उभा केला आणि मी मागं बसून दोन्ही हातांनी त्याची कंबर धरली. तबकडीवर माझं नाव नाही, पण मी धरला नसता तर ती रेकॉर्ड बाहेर रस्त्यावरच झाली असती!

*

तबकडी आली. मास्तरांनी डोळे मिटून अख्खी ऐकली.

"ब्येस वाजवलंस," ते म्हणाले. "पन बाकीचे कुठं जेवाय गेल्यात?"

*

गंगूआई मात्र ऐकायला तयार नव्हती. मग एका सकाळी दादानं साहेबांचा चावीचा फोनो मागून आणला आणि अंगणात मांडला. मी होतोच. ती आत नाचणी दळत बसली होती.

"आये, जरा भाईर ये की."

"मला न्हाई ऐकायचं."

दादानं चावी दिली, सुई ठेवली. क्लॅरिनेट सुरू झालं तशी आतली घरघर थांबली. दादा माझ्याकडं बघायला लागला. मी जमिनीकडं.

मग जातं पुन्हा फिरायला लागलं. हळूहळू त्याच्यावर तिचा आवाज आला, शब्दांसकट. दादाच्या डोळ्यांना धार लागली.

तबकडीची एक बाजू ती केवढी, तीन मिनिटांची. सूर सरले, नुसती सुई खरखरत राहिली.

आतून हाक आली, "दगडू, पुन्ना लाव. माजं दळान अजून सरलं न्हाई."